चांदबीबीच्या महालावर सांडलेला डालचा

मी एक जुनी तांब्याची देगची आहे. मित्रांनो, देगची म्हणजे तुमच्या घरातल्या पातेल्याची थोरली बहीण समजा. घेर मोठा, गळा आखूड आणि पोट भारी. चाळीस माणसांचं कालवण माझ्यात एका वेळी शिजतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. भिंगारमध्ये कुणालाही विचारा. माझ्या पोटावर एका बाजूला एक खोल पोचा आहे. मुलं मला बघायला आली की आधी त्या पोच्यात बोट घालतात आणि मग विचारतात, ही कुठं पडली? मी पडले नाही. मला पाडलं होतं. आणि जिनं पाडलं तिच्यावर माझा काडीचाही राग नाही. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

माझा जन्म नगरच्या तांबट आळीतला. आसाराम तांबट म्हणून एक कारागीर होता, बोलायला कमी आणि ठोकायला पक्का. त्यानं तांब्याचा जाड पत्रा भट्टीत लाल केला, निववला, लाकडी मोगरीनं ठोकला, पुन्हा लाल केला. असे किती दिवस चालले कोण जाणे, मला तेव्हा मोजता कुठं येत होतं! शेवटी त्यानं गोल तोंडाच्या हातोडीनं माझ्या सगळ्या अंगावर बारीक बारीक ठोके दिले. त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी भांडं मजबूत होतं आणि दिसायलाही देखणं होतं. मी तर फारच देखणी झाले होते. भिंगारचे खाजाभाई बैलगाडीनं माल वाहायचे. त्यांचं नुकतं लग्न झालं होतं. नव्या बायकोसाठी त्यांनी मला घेतलं आणि गाडीत गवतावर बसवून घरी आणलं. त्या नव्या बायकोचं नाव इमामबी.

इमामबीचा हात म्हणजे काय सांगू! तिच्या हातचा डालचा खायला लोक वाटेतून वळायचे. डालचा ठाऊक आहे ना? हरभऱ्याची डाळ, मटण आणि दुधीचे मोठे तुकडे एकत्र शिजवायचे, वरून चिंचेचा दाट कोळ घालायचा आणि साध्या फोडणीच्या भातावर वाढायचं. गल्लीत बारसं असो, लग्न असो, इमामबीला बोलावणं यायचंच आणि तिच्याबरोबर मलाही. तीस वर्षांत तिच्या हातून कधी थेंब सांडला नाही, असं लोक म्हणायचे. तिलाही ते ठाऊक होतं. कौतुक कुणी करू लागलं की ती "चला, भात निवतोय" असं म्हणून विषय मोडायची, पण माझ्यावरचं झाकण त्या दिवशी जरा ऐटीत ठेवायची.

आता माझ्या जातीचा एक दोष सांगते. झाकून काय उपयोग? तांब्याचं आणि आंबटाचं पटत नाही. नुसत्या तांब्यात चिंच किंवा ताक राहिलं की ते कळकतं. हिरवट पडतं, जीभ आखडते आणि पोटात गेलं तर माणूस ओकून ओकून आडवा होतो. म्हणून माझ्यासारख्या भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर देतात. तीच कल्हई. आमच्याकडे हे काम नबीलालचं. गल्लीच्या तोंडाशी त्याची लांब हाळी आली की माझ्या काळजात धडधड व्हायची, कारण तो वाळू आणि फडकं घालून आधी माझ्या पोटात उभाच राहायचा. भिंतीला हात टेकून कमरेतून असा काही गरगर वळायचा की मला गुदगुल्या व्हायच्या आणि गल्लीतली पोरं हसून लोळायची. मग भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर. नबीलाल खोकत खोकत कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा आणि बघता बघता माझं लाल पोट चांदीसारखं पांढरं व्हायचं. इमामबीच्या घरी आरसा होता, तरी त्या दिवशी ती माझ्यातच तोंड बघायची आणि पदर सारखा करायची.

वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस म्हणजे आखरी चारशंबा, सफर महिन्याचा शेवटचा बुधवार. पैगंबरसाहेबांना त्या दिवशी दुखण्यातून उतार पडून ते मोकळ्या हवेत गेले, अशी जुन्या माणसांची समजूत. म्हणून त्या दिवशी घरात बसायचं नाही. बाहेर पडायचं, हिरवळीवरून अनवाणी चालायचं, चांगलंचुंगलं खायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आमची गल्ली जायची ती चांदबीबीच्या महालावर. महाल कसला, खाली सलाबतखानाची कबर आहे आणि वर आठ बाजूंची, कमानींची उंच दगडी इमारत. पण नगरची माणसं त्याला चांदबीबीचा महालच म्हणतात आणि आमच्यातलं कुणी ते बदलायला गेलं नाही. वर वारा असा सुटलेला असतो की डोक्यावरचा पदर हातानं धरावा लागतो. दूर नगरचा किल्ला दिसतो. त्या कमानींच्या सावलीत मी बसायची आणि माझ्याभोवती सगळी गल्ली बसायची. अंबारीत बसल्यासारखं वाटायचं मला.

असे दिवस मजेत चालले होते आणि १९४२ साल उजाडलं. एक दिवस नबीलाल आला तो हाळी न देताच. त्यानं कथलाचा डबा इमामबीपुढं उपडा केला. आतून काहीच पडलं नाही.

"कथील लढाईवर गेलं, भाभी," तो म्हणाला. "जपानवाल्यानं तिकडली वाट अडवली. हुतं न्हवतं ते समदं तुमच्या देगचीला लावलं हुतं. आता ते जपा."

पुढं नबीलाल कंदील आणि कुलपं दुरुस्त करू लागला. इमामबीनं मात्र त्याचा शब्द खाली पडू दिला नाही. तिनं मला जपलं. विटकर नाही, वाळू नाही, चिंच तर नाहीच. राखेच्या निवळीनं आणि जुन्या मऊ फडक्यानं ती मला आतून पुसायची, तान्ह्या बाळाला पुसावं तसं. रोजच्या आंबटासाठी चुलीवर एक मातीचं मडकं आलं. काय त्याचा दिमाख! दोन दिवसांचं पोर आणि चुलीच्या मधोमध बसायचं. मी फळीवर बसून जळफळायची. मडक्यातल्या आमटीला चव वेगळीच येते, असं खाजाभाई एकदा म्हणाले, तेव्हा मला त्यांचा फार राग आला. चव वेगळी येते हे खरं होतं, म्हणून जास्तच आला. डालचा मात्र वर्षातून एकदा, चारशंब्याला, माझ्यातच व्हायचा. तेवढ्यापुरती माझी कल्हई शाबूत होती. पांढरेपणा जाऊन ती करडी, मळकट दिसायची खरी, पण आपलं काम करत होती.

१९४३च्या शेवटाला इमामबीच्या मुलाचं, लालमहंमदचं लग्न झालं आणि बानू घरात आली. ती पाथर्डीच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातली. तिच्या माहेरी चुलीवर मडकी आणि एक लोखंडी तवा, बस्स. तांब्याचं भांडं तिनं दुसऱ्यांच्या लग्नात लांबून बघितलेलं. शेजारच्या जहिराबी म्हणजे गल्लीतली करवतच. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला नाव ठेवलं, "मडक्यातली सून".  बानू हातानं बोलणारी पोर होती. तिनं जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून, आत कापूस भरून, बारीक टाके घालून माझ्यासाठी एक जाड कुंची शिवली. बाळाला कुंची घालतात ना, तशी. वाटेत डालचा गरम राहावा म्हणून. लाल तुकडा, पिवळा तुकडा, मध्ये एक निळा. अख्ख्या भिंगारात कुंचीवाली देगची मी एकटीच. त्या पोरीवर माझा जीव जडला.

१९४४चा चारशंबा दोन दिवसांवर आला आणि इमामबी विहिरीच्या ओल्या दगडावरून घसरली. उजवं मनगट सुजून भोपळा झालं, अंगात कणकण आली. हळदीचा लेप बांधून ती ओसरीवर खाटेवर पडली आणि म्हणाली, "बानू, औंदा डालचा तू करायचा. मी सांगते तसा."

मित्रांनो, बानूला किती आनंद झाला सांगू! अख्खी गल्ली तिच्या हातचं जेवणार होती. जहिराबींचं तोंड आता तरी बंद होईल असं तिला वाटलं. तिनं मला फळीवरून खाली घेतलं, आत वाकून बघितलं आणि तिला माझं करडं, मळकट पोट दिसलं. मडक्यांच्या घरातली पोर ती. कल्हई ही काय चीज, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूचा हात दुखावलाय, भांडं नीट घासलं गेलं नाही, असा तिचा समज झाला. तिनं चिंचेचा कोळ घेतला, मीठ घेतलं, विटकरीची पूड घेतली आणि सबंध दुपार मला आतून बाहेरून घासलं. दंड भरून आले तरी थांबली नाही. जिवापाड जपलेली ती शेवटची कल्हई गढूळ पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेली.

आणि मी? मी काय करत होते? खरं सांगते, मी खूष होते. किती वर्षांनी मी अशी लाल, लखलखीत झाले होते! कलतं ऊन माझ्या पोटात उतरलं आणि समोरच्या भिंतीवर तांबूस कवडसा पडला. मी त्या कवडशाकडे बघून फुगले. आपल्या अंगावरून काय गेलं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. नटव्या बाईचं असंच होतं.

"अम्मा, देगची लख्ख केलीया," बानूनं ओसरीवर जाऊन सांगितलं.

"केलीस? बरं केलंस," इमामबी डोळे मिटूनच म्हणाली. तिला वाटलं, बाहेरून.

बुधवारी तांबडं फुटायच्या आधी डालचा शिजला. धुरात आणि अर्धवट उजेडात माझं पोट कुणाला दिसलं नाही. इमामबीनं खाटेवरच डावातला घोट चाखला. ताजा ताजा होता, चवीत काही कळलं नाही. "माझ्या वरचढ झालाय," ती म्हणाली आणि बानू लाजली. मग झाकण, कुंची आणि खाजाभाईंची गाडी. चार गाड्या पाथर्डीच्या रस्त्याला लागल्या. किल्ल्यात मोठे पुढारी कैदेत होते म्हणून त्या बाजूला फिरकायलाही बंदी होती, तर बायका लांबूनच किल्ल्याकडे बघून हळू आवाजात बोलल्या आणि पुढं पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं. फक्त मी हसत नव्हते. चिंच माझ्या अंगाला लागली होती. आत काय चाललंय ते मला कळत होतं आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी गोरक्षनाथ नावाच्या शेतकऱ्याचं हरभऱ्याचं रान होतं. माघात डोंगर पिवळा पडतो, हिरवं असं तेवढंच राहतं. म्हणून चारशंबा सरकत सरकत हिवाळ्यात यायला लागल्यापासून गल्लीच्या बायका त्याच्याच बांधावरून अनवाणी चालायच्या.

"चाला बायांनो, लई चाला," तो म्हणायचा. "पर घाटे तुडवू नका, म्हंजी झालं."

चालणं झालं, पाय धुणं झालं. खाजाभाई आणि नबीलालनं दांड्याला अडकवून मला वर नेलं आणि महालाच्या ओट्यावर पायऱ्यांच्या काठाशी ठेवलं. ऊन डोक्यावर आलं होतं. मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसली. सगळ्यात पुढं जहिराबींची चार नातवंडं, नेहमीसारखी, एकमेकांना ढोसत. झाकण उघडायचा मान इमामबीचा. दुखऱ्या हातानं ती पुढं झाली. बायका म्हणाल्या, राहू दे, बानू काढील. पण ती ऐकेना.

तिनं कुंची काढली. झाकण उचललं. 

डालच्याच्या काठाला, जिथं तो माझ्या अंगाला टेकला होता, तिथं हिरवट कड आली होती. त्याच्या वर माझा लालबुंद काठ उन्हात चमकत होता. इमामबीनं वास घेतला. डाव्या हाताची करंगळी बुडवून जिभेला लावली आणि तिची जीभ आखडली. तिनं बानूकडे बघितलं. बानू हातात डाव घेऊन, आतुरतेनं, शाबासकीची वाट बघत उभी होती. इमामबीनं जहिराबींकडे बघितलं. मग त्या चार पोरांकडे.

तिला सगळं समजलं होतं. एक शब्द बोलली असती तर पोरं वाचली असती, पण बानू बुडाली असती. "गल्लीला जहर घालणारी सून" हे नाव एकदा चिकटलं की मरेपर्यंत सुटत नाही आणि सांगायला जहिराबी समर्थ होत्याच. घरात येऊन तीन महिने झालेली पोर! इमामबीनं दुखरा हात माझ्या कडीत घातला, कमरेचा रेटा दिला आणि मला काठावरून पायऱ्यांकडे लोटून दिलं.

मी दाणदाण आपटत चार पायऱ्या खाली गेले. हा पोचा तेव्हाचा. चाळीस माणसांचा डालचा दगडांवरून वाहत गेला. 

"हात सुटला माझा," इमामबी म्हणाली.

मग एकच गलका झाला. पोरं रडायला लागली. जहिराबींनी तर कपाळाला हात लावला. "मोडक्या हातानं मिरवायची हौस! चाळीस मानसांच्या तोंडचा घास मातीत घातला की गं, इमामबी."  इमामबीनं खाजाभाईंना सांडल्या डालच्यावर माती लोटायला लावली, कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही अशी. अन्न पायदळी येऊ नये म्हणून, असं ती म्हणाली. मला मात्र तिनं स्वतः कलंडवून उपडं घातलं. उपडं घालताना बानूला जवळ ओढून हळूच म्हणाली, "आत बघ. कल्हई कुठं हाय?" बानूला एवढंच कळलं की आपल्या हातून काहीतरी फार वाईट झालंय. 

"रडू नगंस," इमामबी तशीच हळू म्हणाली. "पोरं उपाशी हायती. तुझ्या मुलखात मानसं रानात काय खात्यात, ते कर."

आणि मित्रांनो, बानूनं केलं. डोळे पुसत ती धावत डोंगर उतरली, गोरक्षनाथाला गाठलं आणि पदर पसरून हरभरा मागितला. झाली गोष्ट ऐकून तो म्हणाला, "उपट की. पोरास्नी काय माती चारनार?" तिनं घाट्यांनी लगडलेल्या हरभऱ्याचे भारे उपटले, वाळल्या काटक्यांचा जाळ केला आणि त्यावर पेंढ्या धरून हुळा भाजला. घाटे फटाफट फुटले. सगळी गल्ली डोंगर उतरून त्या जाळाभोवती कोंडाळं करून बसली. भाकरी होत्या, ठेचा होता, फोडणीचा भात होता, जहिराबींचे गुलगुले होते आणि गरम, खरपूस हुळा. सोलता सोलता सगळ्यांची तोंडं काळी झाली. पोरं एकमेकांना बघून हसायला लागली. गोरक्षनाथही येऊन बसला आणि खाजाभाईंना म्हणाला, असा हुळा आमच्याकडं पण कुणाला जमत न्हाई. मी गाडीत उपडी पडून ते सगळं ऐकत होते. पोचा दुखत होता, पण सगळी पोरं धडधाकट होती. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

संध्याकाळी घरी आल्यावर इमामबीनं बानूला कल्हई म्हणजे काय, ते पहिल्यापासून सांगितलं. बानू ढसाढसा रडली. "अम्मा, मी समद्यास्नी सांगते. तुमच्यावर कशापायी बोल?"

"गप ऱ्हायचं," इमामबी म्हणाली. "चूक निम्मी माझी बी हाय. आतून घासली का भायेरून, ते मी इचारलं न्हाई. माझं नाव लई जुनं हाय, बानू. त्याला येक पोचा पडला तर चालंल. तुझं नाव अजून कोरं हाय."

चालेल म्हणाली खरी, पण चाललं नाही. त्या उन्हाळ्यात जहिराबींच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि स्वयंपाकाला नगरहून दुसरा माणूस आला. पाठोपाठ आणखी दोन घरी तेच झालं. इमामबीचा हात आता धरवत नाही, असं लोक म्हणू लागले. मनगट तर पंधरा दिवसांतच बरं झालं होतं. शेजारी मांडव पडला, मसाल्याचा वास आमच्या ओसरीवर यायला लागला. तो वास घेत इमामबी गहू निवडत बसायची. एकदा तिनं वासावरूनच सांगितलं, "कांदा करपला त्याचा." आणि मग बराच वेळ सुपात बोटं फिरवत राहिली, गहू न निवडता. मला खाटेखाली सारलं होतं. माझ्यात कांदे भरले होते. तीस वर्षं चाळीस-चाळीस माणसं जेवू घातल्यावर कांदे! पण माझं दुःख काय घेऊन बसलात, तिच्याकडे बघवत नव्हतं. बानू तर रोज बघत होती. रोज तिच्या ओठांवर शब्द यायचा आणि रोज इमामबी तिला डोळ्यांनी गप्प करायची.

वर्ष फिरलं. १९४५चा चारशंबा आला. त्या साली डालचा दोन मोठ्या मडक्यांत झाला आणि माझ्यात नुसता भात. पुन्हा तोच डोंगर, तोच ओटा, त्याच ताटल्या. इमामबी भात वाढायला माझ्याजवळ आली आणि जहिराबी पोरांच्या मागून म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धर गं बाई, न्हाई तर औंदा भात बी मातीत जायचा."

सगळे हसले. इमामबीही हसली. हसता हसता तिनं मान खाली घातली आणि ते बानूनं बघितलं.

"मावशी, तो डालचा सांडला न्हवता," बानू म्हणाली. सगळ्या ओट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "अम्मानं मुद्दाम सांडला. मीच देगची आतून घासली, कल्हई घालवली. डालचा कळकला हुता. मला ठावं न्हवतं. अम्माला झाकन काढल्यावर कळलं. तुमची पोरं म्होरं बसली हुती, मावशी. पहिला घास त्यांच्याच ताटलीत पडनार हुता. माझं नाव खराब व्हऊ नये म्हनून अम्मानं आपला हात सुटला असं सांगितलं. हात सुटला न्हाई. तिचा हात आजवर कधी सुटला न्हाई."

 नबीलाल उठला, माझ्यातला भात डावानं बाजूला सारून माझा लाल काठ त्यानं बोटानं चाचपला आणि जहिराबींकडे बघून मान हलवली. त्याला तर बघताक्षणीच पटलं होतं. जहिराबी आपल्या नातवंडांकडे बघत राहिल्या. धाकट्याला उगाच जवळ ओढलं. मग त्या उठल्या.

आमच्याकडे जेवायच्या आधी मोठ्या माणसांच्या हातावर तोटीच्या लोट्यानं पाणी घालायची रीत आहे. लहानांनी मोठ्यांच्या हातावर घालायचं. जहिराबी वयानं गल्लीत सगळ्यात थोर. त्यांनी कुणाच्या हातावर पाणी घातलेलं कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी लोटा उचलला, इमामबीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "हात म्होरं कर."

इमामबीनं हात पुढं केले नाहीत. ती म्हणाली, "घालायचंच आसंल तर आदी बानूच्या हातावर घाला. माझं काय, मी गपच बसले. बोलायला तिला जास्ती बळ लागलं."

जहिराबींनी दोघींच्या हातावर पाणी घातलं. आधी बानूच्या. मडक्यातली सून हे नाव त्यानंतर त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

पुढचं सांगायला फारसं उरलं नाही. लढाई संपली, हळूहळू कथील बाजारात आलं. नबीलाल पुन्हा माझ्या पोटात उभा राहून गरगर फिरला, आता जरा सावकाश, कारण त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पोचा काढून देऊ का, असं त्यानं विचारलं. इमामबी नको म्हणाली. बोलावणी पुन्हा यायला लागली. डालचा आता बानू करते आणि इमामबी शेजारी पाटावर बसून मीठ जास्त झालं का कमी यावर कटकट करते. कल्हईवाला गल्लीत आला की बानू नव्या सुनांना हाताला धरून आणते आणि माझ्यात वाकून बघायला लावते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं भांडं असेल तर त्याला बाहेरून हवं तेवढं चमकवा, मला तर ते आवडतंच. पण आतला थर सांभाळून घासा. कुणीतरी धूर खाऊन तो दिलेला असतो. आणि एवढं एक ऐका. तुमच्या चुकीचा बोल घरातल्या कुणी मुकाट्यानं आपल्यावर घेतला असेल, तर त्याला त्यात एकटं ठेवू नका. बानूला खरं सांगायला एक वर्ष लागलं. तुम्ही आज संध्याकाळीच सांगा.